बालबोध मुक्तावली आणि चिलयाबाळ : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील बालवाङ्मयाचे दोन प्रवाह

१. प्रास्ताविक

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक १८०६ या सालापाशी क्षणभर थांबतात आणि लगेच पुढे निघतात. त्या वर्षी तंजावर येथे दुसरे सरफोजीराजे भोसले यांच्या आश्रयाने ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक छापले गेले. सख्खन पंडितांनी केलेला इसापच्या कथांचा तो मराठी अनुवाद होता. मुलांसाठी छापलेले मराठीतील पहिले पुस्तक म्हणून त्याची नोंद होते. त्यानंतर इतिहासाची वाट बंगालमधील श्रीरामपूरला जाते आणि तेथून मुंबईला पोहोचते. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांची ‘बाळमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके आली की खरा आरंभ झाला असे गृहीत धरले जाते, आणि तंजावरचे पुस्तक तळटीपेत जाऊन बसते.

ही मांडणी तपशिलांत चुकीची नाही. तथापि तिच्यात एक प्रश्न विचारायचाच राहून जातो. पहिले पुस्तक मराठी मुलखापासून इतक्या दूर, तमिळ भाषेच्या ऐन गाभ्यात, भातशेतीच्या प्रदेशात का जन्मले? आणि जन्मले तर त्याची परंपरा तेथेच का खुंटली? या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे, आणि तो प्रस्तुत लेखकाला अधिक मोलाचा वाटतो. त्याच काळात त्याच गावांतील मुले कोणत्या गोष्टी ऐकत होती?

हे दोन प्रश्न एकत्र विचारले की बालपुस्तकांच्या रसग्रहणासंबंधी काही गोष्टी स्पष्ट होतात. चित्रांचे हसरे पुस्तक श्रेष्ठ की भय दाखवणारी कथा, असा वाद आपल्याकडे वारंवार होतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील दाखला असे सुचवतो की तो वाद ज्या पद्धतीने मांडला जातो ती पद्धतच सदोष आहे. मुलाचे पुस्तक कोणत्या रंगाचे आहे, यापेक्षा ते मुलाला कोण देतो आणि देताना जवळ कोण बसतो, हा प्रश्न आधीचा आहे. प्रस्तुत निबंधात तंजावर, ओरतनाडू, तिरुवारूर, तिरुच्चेंगाट्टंगुडी या जुन्या तंजावर जिल्ह्यातील स्थळांच्या आधारे या विधानाची तपासणी करावयाची आहे.

२. राजपुत्राचे बालपण

‘बालबोध मुक्तावली’चा विचार ती छापवून घेणाऱ्या राजाच्या बालपणापासून करावा लागतो. सरफोजींचा जन्म १७७७ चा. १७८७ मध्ये दुसऱ्या तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाजी निवर्तले. राज्य तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग यांच्या हाती गेले. दहा वर्षांचे दत्तक मूल अमरसिंगांच्या ताब्यात एक प्रकारच्या कैदेतच राहिले आणि त्याच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष झाले. तंजावरात राहणारे जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांनी या प्रकाराविरुद्ध मद्रास सरकारकडे तक्रारी केल्या. अखेर १७९३ मध्ये हा मुलगा तुळजाजींच्या विधवा राण्यांसह मद्रासला नेला गेला आणि तेथे त्याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. १७९८ मध्ये त्याला गादी मिळाली. १७९९ च्या तहाने मात्र राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला व त्याभोवतीचा थोडा परिसर उरला.

हा इतिहास राजकीय ग्रंथांत अनेकदा सांगितला गेला आहे. बालवाङ्मयाच्या अभ्यासकाने तो पुन्हा वाचावा, याचे कारण असे की अक्षरापासून दूर ठेवलेला एक मुलगा पुढे राजा होतो आणि राज्य हातातून गेलेले असताना छापखाना काढतो, शाळा काढतो, ग्रंथालय वाढवतो. ‘नवविद्याकलानिधि’ या नावाने त्याने नव्या विद्यांचे शिक्षण सुरू केले. त्याच्या देवनागरी छापखान्यातून जी थोडी पुस्तके बाहेर पडली त्यांत संस्कृत ग्रंथांबरोबर मुलांसाठी केलेले हे मराठी पुस्तक होते. छापण्याजोगे पुष्कळ काही हाताशी असताना राजाने मुलांचे पुस्तक निवडले. या निवडीचा संबंध त्याच्या स्वतःच्या बालपणाशी जोडणे हे अनुमानच होय, पण ते दूरचे अनुमान नव्हे.

तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेले संगमरवरी स्मृतिशिल्प आहे. सरफोजींनीच ते करवून घेतले. मृत्युशय्येवर श्वार्ट्झ, त्यांचा हात हाती घेतलेले सरफोजी आणि जवळ उभी असलेली शाळेतील मुले असे ते दृश्य आहे. स्मारकात मुलांना जागा मिळावी ही गोष्ट लक्षणीय आहे. ज्याने आपल्याला अक्षरापर्यंत नेले त्याच्याभोवती राजाला मुले दिसावीत हे शोभणारेच होते.

३. ‘बालबोध’ या शब्दाचे दोन अर्थ

पुस्तकाच्या नावाकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. ‘बालबोध मुक्तावली’ म्हणजे मुलांना बोध करणारी मोत्यांची माळ, हा अर्थ उघड आहे. परंतु मराठीत ‘बाळबोध’ हे देवनागरी लिपीचेही नाव आहे. दैनंदिन व्यवहाराची लिपी मोडी, आणि पोथीची, शिकणाऱ्याची, सुटी सुटी स्वच्छ अक्षरे लिहिण्याची लिपी ती बाळबोध. तंजावर दरबारचे कागद मोडीत लिहिले जात आणि त्यांचे असंख्य रुमाल आजही जतन केलेले आहेत. नव्या खिळ्यांनी छापलेले पुस्तक बाळबोधीत निघाले. मुलाला समजेल असा मजकूर आणि मुलाला वाचता येईल अशी लिपी, असे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात सामावतात.

पण येथेच या पुस्तकाची मर्यादाही दिसते. ही बाळबोध वाचणारे मूल होते कोठे? तंजावरच्या मराठी कुटुंबांतील मुले घरात मराठी बोलत, परंतु अंगणाबाहेर पाऊल टाकले की तमिळ भाषा सुरू होई. संगीताच्या साहित्याची भाषा तेलुगू, शास्त्रांची संस्कृत, दरबाराच्या लेखणीची मोडी मराठी आणि रेसिडेंटाशी पत्रव्यवहाराची इंग्रजी. अशा पाच भाषांच्या गावात मराठी छापील पुस्तक हाती घेऊन स्वतः वाचील अशा मुलांची संख्या फारच थोडी असणार. मुंबईत १८२२ मध्ये स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीच्या मागे शाळांची एक वाढती साखळी होती. छत्र्यांची ‘इसापनीतिकथा’ त्या शाळांत गेली, पाठ झाली, पुन्हा पुन्हा छापली गेली. तंजावरच्या मुक्तावलीच्या मागे एक राजा होता. राजा सरफोजी १८३२ मध्ये वारले आणि १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे निवर्तल्यावर राज्यही संपले.

म्हणून मुक्तावलीचे अपयश साहित्यगुणांच्या अभावाने आले असे मानण्याचे कारण नाही. इसापच्या कथांत मुळातच मुलांना धरून ठेवणारे सामर्थ्य आहे. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९३ मध्ये शिक्षणावर लिहिताना मुलाला प्रथम इसाप द्यावा आणि शक्यतो चित्रांसह द्यावा असे सुचवले होते. त्यामागे हाच अनुभव होता. मुक्तावलीला कमतरता पडली ती ओटीवर बसून ती वाचून दाखवणाऱ्या माणसाची. छापखाना पुस्तक निर्माण करू शकतो, ऐकणारे आणि ऐकवणारे घर निर्माण करू शकत नाही.

४. सत्रांतील मुले

तंजावरच्या राजांची सत्रे, म्हणजे यात्रेकरूंसाठीची अन्नछत्रे, रामेश्वराच्या वाटेवर गावोगाव होती. तंजावरच्या दक्षिणेस ओरतनाडू येथे सरफोजींनी मुक्तांबाळ हिच्या नावाने बांधलेले सत्र यांत विशेष प्रसिद्ध आहे. कारभार कंपनीकडे गेल्यावर ही सत्रे आपल्याकडेच राहावीत म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटाला एक पत्र लिहिले. त्या पत्रात सत्रांच्या कामाचे जे वर्णन आहे ते बालवाङ्मयाच्या अभ्यासकाने जरूर वाचावे. प्रत्येक सत्राला वेद शिकवणारे आचार्य, पंतोजी आणि वैद्य जोडलेले असत. वाटेवर आईबाप दगावलेली परक्यांची मुले पंतोजीच्या स्वाधीन केली जात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवू घातले जाई, दर चार दिवसांनी तेल लावून न्हाऊ घातले जाई, लागेल तेव्हा औषध आणि कपडे दिले जात.

या वर्णनात पुस्तकाचा उल्लेख नाही. अन्न, तेल, औषध, कपडे, असा क्रम आहे. परंतु मुलाला काहीही शिकवण्याआधी त्याला कोणाचे तरी व्हावे लागते, याची जाणीव या क्रमामागे दिसते. काशी-रामेश्वराच्या वाटेवर पोरके झालेले एखादे मूल, कदाचित मराठी, कदाचित तेलुगू वा कानडी, एका तमिळ गावातील सत्रात पंतोजीच्या ओट्यावर बसलेले डोळ्यांसमोर आणावे. त्याला रात्री सांगितली जाणारी गोष्ट कोणत्या भाषेत असेल ते सांगणाऱ्यावर अवलंबून होते. ती गोष्ट ऐकताना आपण सुरक्षित आहोत एवढे त्या मुलाला ठाऊक असे, आणि गोष्टीच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती.

पुढील दोन विभागांत या प्रदेशातील गोष्टींच्या दोन धारांचा विचार करू. एक हसवणारी आहे, दुसरी काळोखाची.

५. हसवणारी धारा

कोल्लिडम नदीच्या उत्तर काठावर एलाकुरिच्ची नावाचे गाव आहे. इटलीहून आलेले जेझुइट धर्मोपदेशक बेस्की, ज्यांना तमिळ लोक वीरमामुनिवर म्हणतात, तेथे दीर्घकाळ राहिले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी तमिळमध्ये परमार्थ गुरू आणि त्याच्या पाच मूर्ख शिष्यांच्या गोष्टी लिहिल्या. नदी पार करताना आपल्यांतला एक बुडाला म्हणून रडणारे शिष्य, कारण मोजणारा स्वतःला मोजायला विसरतो, हा प्रसंग आपल्याकडेही वेगवेगळ्या नावांनी सांगितला जातो. १८२२ मध्ये या गोष्टी इंग्रजी भाषांतरासह लंडनला छापल्या गेल्या. धर्मोपदेशकाने लिहिलेल्या असूनही त्यांत धर्मोपदेश नाही. गुरूची थट्टा आहे आणि ती कोणालाही टोचत नाही. ज्या प्रदेशात विद्वत्तेला इतका मान, तेथेच तिची अशी निर्मळ चेष्टा व्हावी, हे मुलांच्या वाट्याला आलेले मोठे भाग्य म्हटले पाहिजे.

सरफोजींच्या नावावर असलेले ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक याच धारेत येते. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. डोंगरी कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री विरहिणी नायिकेच्या दारी येते, आपल्या मुलखाचे वर्णन करते आणि हात पाहून भविष्य सांगते, हा त्याचा ठरलेला साचा. सरफोजींनी या भटक्या स्त्रीच्या तोंडी साऱ्या जगाचा भूगोल घातला. खंडे, देश आणि नद्या ती गाण्यातून सांगते. पाठ्यपुस्तकातील रूक्ष विषय एका हिंडत्या बाईच्या जिभेवर ठेवणे ही कल्पना आजच्या कोणत्याही बालपुस्तकाच्या लेखकाला हेवा वाटावा अशी आहे. इसापचा अनुवाद बाहेरून आणलेला होता. कुरवंजीत राजाने बाहेरचे ज्ञान येथल्या मातीतल्या खेळात मिसळले. दोन्ही प्रयत्नांच्या रूपांतील हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

चित्रांची बाजूही या प्रदेशात दुबळी नव्हती. नवरात्रात घरोघर कोलू मांडतात. पायऱ्यांवर बाहुल्या रचून पुराणातील प्रसंग, बाजार, लग्न, देवळे उभी केली जातात आणि मुलांना त्या पायऱ्यांपुढे बसवून गोष्टी सांगितल्या जातात. तंजावरच्या मराठी घरांनीही ही रीत उचलली. मान डोलावणारी तंजावरची बाहुली तर सर्वत्र प्रसिद्ध आहे. छापील चित्रपुस्तक येण्यापूर्वी कोलू हे या गावांतील मुलांचे चित्रपुस्तकच होते. त्याची पाने उलटण्याचे काम आजी करीत असे.

गोष्टींच्या या देवघेवीत मराठीचा वाटा एका अनपेक्षित ठिकाणी दिसतो. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेजातील तमिळ पंडित तांडवराय मुदलियार यांनी १८२६ मध्ये तमिळ गद्यात पंचतंत्र सिद्ध केले ते मराठीवरून. आधुनिक तमिळ गद्याच्या इतिहासात या ग्रंथाला महत्त्व आहे. म्हणजे ज्या वर्षांत तंजावरचे मराठी बालपुस्तक विस्मृतीत जात होते त्याच वर्षांत मराठीतून निघालेल्या कोल्ह्या-बैलाच्या कथा तमिळ वाचकांपर्यंत पोहोचत होत्या. मराठी बालवाङ्मयाची तमिळ प्रदेशातील कहाणी केवळ एका तळटीपेची नाही, ती याही अर्थाने.

६. काळोखाची धारा

आता दुसरी धारा. तिरुवारूर-नागपट्टिणम परिसरात तिरुच्चेंगाट्टंगुडी हे लहानसे गाव आहे. तेथील उत्तरापतीश्वराच्या देवळाशी शिवभक्त चिरुत्तोंडर याची कथा जोडलेली आहे. परंपरा त्याला पल्लव राजा नरसिंहवर्मा याच्या सेनापतीशी, सातव्या शतकात वातापी म्हणजे बदामी जिंकणाऱ्या परंज्योतीशी, एकरूप मानते. बाराव्या शतकात चेक्किळार कवीने ‘पेरिय पुराणम्’ या ग्रंथात ही कथा विस्ताराने सांगितली. भैरव रूपातील शिव अतिथी म्हणून येतो आणि एकुलत्या एका निरोगी मुलाचे मांस, तेही आईबापांनी आनंदाने रांधलेले, जेवणात मागतो. बाप शाळेत जाऊन मुलाला, सीराळनला, खांद्यावर घेऊन घरी आणतो. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. जेवायला बसल्यावर अतिथी म्हणतो, तुमच्या मुलाला हाक मारा. आईबाप दाराबाहेर जाऊन हाक मारतात आणि मूल शाळेतून धावत यावे तसे धावत येते.

मराठी वाचकाने ही कथा ओळखली असेल. ती श्रियाळ, चांगुणा आणि चिलयाबाळ यांची कथा आहे. कर्नाटकातील शिवभक्तांच्या वाङ्मयात बापाचे नाव सिरियाळ व आईचे चंगळे असे येते. तेथून नावांचा प्रवास मराठीपर्यंत सहज दिसतो. श्रीधरकवींनी १७१८ मध्ये बारामतीस पूर्ण केलेल्या ‘शिवलीलामृता’त ही कथा आली आणि महाराष्ट्रात घरोघर पोहोचली. श्रावणात श्रियाळषष्ठी पाळली जाते. चांगुणेची गाणी बायकांच्या ओठी राहिली. कावेरीच्या एका गावात उगवलेली गोष्ट कानडी मुलखातून मराठीत आली. भोसल्यांच्या बरोबर आणि त्यांच्या मागोमाग दक्षिणेत गेलेल्या मराठी कुटुंबांनी पोथीतून ती पुन्हा कावेरीकाठी नेली असेल, तेव्हा ज्या गावाजवळ ती जन्मली तेथील शेजाऱ्यांना ती नवी वाटली नसेल. चिलयाबाळ आणि सीराळन एकाच शाळेतले विद्यार्थी आहेत.

तिरुवारूरची दुसरी कथा मनुनीती चोळाची. राजपुत्राच्या रथाखाली वासरू सापडते. गाय राजवाड्याची घंटा वाजवून न्याय मागते. राजा आपल्या मुलाला त्याच रथाखाली घालून न्याय करतो. तिरुवारूरच्या देवळाजवळ या प्रसंगाचा दगडी रथ आहे. याही कथेत शेवटी शिवकृपेने वासरू आणि राजपुत्र दोघेही उठतात.

या दोन्ही कथांकडे डोळसपणे पाहिले तर एक अस्वस्थ करणारी गोष्ट ध्यानात येते. मोठ्यांच्या आदर्शाची किंमत येथे मूल चुकवते. बापाची भक्ती खरी ठरावी, राजाचा न्याय खरा ठरावा, म्हणून मुलाचा देह पणाला लागतो. भक्तिपर व्याख्या हा प्रश्न पुसून टाकतात. आधुनिक टीकाकार उलट अशा कथा मुलांपासून दूर ठेवाव्यात असे म्हणतो. प्रस्तुत लेखकाला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. मूल आपल्यावर अवलंबून आहे आणि आपण त्याचे काहीही करू शकतो, हे सत्य मुलालाच सर्वांत आधी कळलेले असते. काळोखी कथा ते सत्य लपवत नाही. पण ती ते एका हाकेपाशी आणून संपवते. आई हाक मारते आणि मूल येते. ऐकणाऱ्या मुलाने कथेचा तत्त्वार्थ लक्षात ठेवावा अशी अपेक्षा व्यर्थ आहे. त्याच्या लक्षात राहते ती हाक.

म्हणूनच ही कथा सांगण्याची जागा महत्त्वाची ठरते. मांडीवर डोके ठेवून ऐकलेला चिलयाबाळ आणि एकट्याने वाचलेला चिलयाबाळ या दोन वेगळ्या कथा आहेत. पहिल्यात हाक मारणारी आई जवळच असते.

७. रसग्रहणाचे निकष

या दोन धारा समोर ठेवल्या की बालपुस्तकांविषयी आपण जे निकष लावतो ते तपासता येतात.

पहिला निकष बोधाचा. मराठी बालवाङ्मयाच्या आरंभी तो प्रबळ होता. ‘मुक्तावली’, ‘बाळमित्र’, ‘इसापनीतिकथा’ ही नावेच ते सांगतात. पण इसापच्या कथाही नीट वाचल्या तर सर्वस्वी सौम्य नाहीत. लांडगा कोकराशी पुष्कळ वाद घालतो आणि वादात हरल्यावरही त्याला खातोच. शेवटी जोडलेला बोध गोष्टीच्या काळोखावर घातलेले पातळ पांघरूण आहे. मूल पांघरुणाखाली बघते.

दुसरा निकष आनंदाचा. त्याची जाणीव मराठीत उशिरा, पण जोमदारपणे आली. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ (१९६१) मधील प्राणी कोणाला काही शिकवत नाहीत. ते आपापल्या लहरीत असतात. जी. ए. कुलकर्णी यांच्यासारख्या गूढ आणि दुःखाच्या लेखकाने ‘बखर बिम्मची’ लिहावी, हेही या संदर्भात विचार करण्याजोगे आहे. ज्याला काळोख ठाऊक आहे त्याचीच बालकथा पोकळ गोड होत नाही.

तिसरा निकष भयाचा. ग्रिम बंधूंच्या कथांचा पहिला खंड १८१२ चा, म्हणजे मुक्तावलीनंतर सहा वर्षांनी आलेला. पुढील आवृत्त्यांत मुलांचा विचार करून त्यांनी फेरफार केले. ब्रूनो बेटलहाइम या मनोविश्लेषकाने १९७६ मध्ये अशा कथांतील भय मुलाला स्वतःच्या भीतीला आकार द्यायला मदत करते, असे प्रतिपादन केले. हे मत बऱ्याच अंशी पटण्यासारखे आहे. पण त्याने सांगणाऱ्याचा विचार पुरेसा पुढे नेलेला नाही, आणि तंजावरचा दाखला तेथे भर घालतो.

सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयात या संदर्भात दोन वस्तू पाहण्यासारख्या आहेत. एक, फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रॅं याच्या कल्पनेनुसार माणसांचे आणि पशुपक्ष्यांचे चेहरे शेजारी ठेवून केलेली चित्रे. घुबडासारखा माणूस, माणसासारखा बैल. दुसरी, चीनमधील शिक्षांची चित्रे दाखवणारे, १८०१ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेले पुस्तक. ही दोन्ही मुलांसाठी केलेली नाहीत. तरीही संग्रहालयात आलेली मुले पहिल्यापाशी हसतात आणि दुसऱ्यापाशी गप्प होऊन शेजारच्या मोठ्या माणसाचा हात शोधतात, हे कोणीही थोडा वेळ उभे राहिल्यास पाहू शकेल. हसताना मूल मित्राकडे वळते, भ्याल्यावर मोठ्याकडे. बालपुस्तकाच्या संपूर्ण मीमांसेत ही दोन वळणे विचारात घ्यावी लागतील. पहिल्या वळणासाठी हसरे चित्रपुस्तक हवे, दुसऱ्यासाठी काळोखाची गोष्ट. ज्या मुलाच्या वाट्याला फक्त पहिले येते त्याला भीती एकट्याने सोसावी लागते. ज्याच्या वाट्याला फक्त दुसरे येते त्याला हात सोडून पळता येत नाही.

८. समारोप

‘बालबोध मुक्तावली’ला आपण इतिहासात कोणती जागा द्यावी? प्रथमतेचा मान तिचाच आहे आणि तो तळटीपेतून वर आणून मुख्य मजकुरात दिला पाहिजे. त्याबरोबर तिच्या एकाकीपणाचाही अर्थ सांगितला पाहिजे. राजाने मुलांसाठी मोत्यांची माळ ओवली, पण ती गळ्यात घालणारे हात त्याला छापता आले नाहीत. त्याच प्रदेशात, कोणत्याही छापखान्याशिवाय, सीराळनची गोष्ट शतकानुशतके चालत राहिली, भाषा ओलांडून गेली आणि परतून आली, कारण प्रत्येक मुक्कामावर तिला सांगणारे कोणी तरी मिळाले.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. आज तंजावर, कुंभकोणम आणि भोवतालच्या गावांतील जुन्या मराठी कुटुंबांत मराठी बोलली जाते, पण वाचन बहुतांशी तमिळ आणि इंग्रजीत होते. ज्या गावात मराठी मुलांसाठी पहिले पुस्तक छापले गेले त्या गावातील मराठी मुलाला ते हाती दिले तर वाचता येईलच असे नाही. दुसरीकडे १९९६ मध्ये चेन्नईत सुरू झालेली तुलिका ही प्रकाशनसंस्था तमिळबरोबर मराठीतही चित्रपुस्तके काढते. तमिळ भूमीतून मराठी मुलांसाठी पुस्तके निघण्याची गोष्ट अशा रीतीने जवळजवळ दोनशे वर्षांनी पुन्हा घडली. महाराष्ट्रात माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकर्तीने घर, आजी, शेजार यांचे साधे जग चित्रपुस्तकात आणले आणि २०१४ मध्ये साहित्य अकादमीने बालसाहित्य पुरस्कार देऊन त्याची दखल घेतली. पुस्तके आहेत, आणि पूर्वीपेक्षा चांगली आहेत.

उणीव असलीच तर ती जवळ बसण्याची. सत्रातील पंतोजीकडे सोपवलेल्या पोरक्या मुलांची व्यवस्था सांगताना सरफोजींनी आधी जेवण, मग तेल, मग औषध असा हिशेब मांडला होता. आपल्या बालवाङ्मयाच्या योजनांत, ग्रंथालयांत आणि शाळांतील वाचनतासांत पुस्तकांची संख्या मोजली जाते. वाचून दाखवणाऱ्यांची संख्या मात्र मोजली जात नाही. ती मोजू लागलो तर मुक्तावलीसारखे चांगले पुस्तक पुन्हा एकटे पडणार नाही, आणि चिलयाबाळाची गोष्ट सांगावी की न सांगावी या प्रश्नाचे उत्तरही प्रत्येक घराला आपापले देता येईल.